पावतीपुस्तक छापण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पालकांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. स्नेहसंमेलन तोंडावर आलेलं असतं, शाळेला काही ना काही हवं असतं आणि कुणीतरी उत्साहानं म्हणतं, यंदा आपण निधी उभारू. पुढची चर्चा ठरलेल्या वळणानं जाते. आनंद मेळावा घ्यायचा की नाटकाचा प्रयोग लावायचा, मैदान कधी मोकळं आहे, मंडपवाला कुणाच्या ओळखीचा आहे, स्मरणिकेच्या मलपृष्ठाची जाहिरात कितीला द्यायची. पैसे नेमके कशासाठी हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि ‘शाळेच्या विकासासाठी’ एवढ्यावर मिटतो. निम्मं काम बिघडतं ते इथंच. शाळेचा निधी यशस्वी झाला की नाही हे कार्यक्रमाच्या दिवशी ठरत नाही. पहिलं पावतीपुस्तक छापण्याआधी काय केलं आणि शेवटची पावती फाडल्यावर हिशेब कसा मांडला, यावर ते ठरतं. यश मोजायचं तेही जमलेल्या आकड्यावरून मोजू नये. यंदा ज्यांनी दिलं ते पुढच्या वर्षी विचारल्यावर तोंड न चुकवता पुन्हा देतील का, एवढंच पाहावं. एकदा तीन लाख जमवून पालकांना कायमचं धास्तावून सोडणाऱ्या समितीपेक्षा दर वर्षी साठ हजार गोळा करून पैन्‌पैचा हिशेब देणारी समिती शाळेच्या जास्त उपयोगाची असते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही; आपल्याकडचं बरंचसं शिक्षण वर्गणीवरच उभं राहिलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले, हे आपण शाळेत शिकतो. पण संस्था टिकली ती मुष्टिफंडासारख्या योजनांमुळे, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. घरातल्या बाईनं रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि ती वसतिगृहाला द्यायची. यातली व्यवहारबुद्धी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. देणाऱ्या घराला एकरकमी झळ बसत नाही. पैसा ज्यांच्या हातात नसतो त्या बायकाही दात्या होतात. धान्य कुठं जातं ते गावाला दिसतं, कारण त्याच भागातली मुलं ते खातात. आणि एकदा मूठ काढायची सवय लागली की दर वेळी मनधरणी करावी लागत नाही. त्याच्या आधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला होता. वर्षाला माणशी एक पैसा मागायचा, एवढी साधी कल्पना, आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला. ते नाव लोकांच्या तोंडी इतकं बसलं की संगमेश्वरात व्यापाऱ्यांच्या संस्थेनं चालवलेल्या शाळेचं नाव आजही पैसा फंड इंग्लिश स्कूल असंच आहे.

यावर एक सरळ आक्षेप येतो. मूठमूठ धान्याचे दिवस गेले. एखादी कंपनी गाठा, तिच्या सामाजिक दायित्व निधीतून एका चेकमध्ये काम होईल, शंभर दारं कशाला झिजवायची? मोठा दाता मिळत असेल तर त्याला नाही म्हणण्यात शहाणपण नाही, हे कबूल. पण मोठे दाते कुणाकडे येतात हेही पाहायला हवं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढं वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून लहान-लहान रकमा गोळा केल्या. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, आणि विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० मध्ये. म्हणजे आश्रमाच्या स्थापनेनंतर चोवीस वर्षांनी. तोवर हजारो छोट्या देणगीदारांनी कर्व्यांच्या कामाला जणू हमी दिलेली होती. ठाकरसींच्या देणगीबरोबर त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. मोठ्या रकमेबरोबर बहुधा काहीतरी येतंच, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्या शाळेच्या मागं स्वतःचे पालकच उभे नाहीत, तिच्या अर्जाकडे कंपनीचा अधिकारीही दुसऱ्यांदा बघत नाही. शिवाय एकाच दात्यावर विसंबलेली शाळा त्याचा विचार बदलला की उघडी पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: पैसे कशासाठी? सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकषांप्रमाणे पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. खडू, हजेरीपत्रकं, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळं त्यातच भागवायचं. या आकड्यांकडे पाहिलं की वर्गणीची गरज का पडते हे वेगळं सांगावं लागत नाही. पण गरज आहे म्हणून कशासाठीही मागावं असं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेची इमारत, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, संरक्षक भिंत आणि शिक्षक पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढच्या कलमानुसार या समितीनं शाळेचा विकास आराखडा तयार करायचा असतो. हा आराखडा बहुतेक ठिकाणी फायलीत पडून असतो, आणि निधी उभारणीची सुरुवात नेमकी तिथून व्हायला हवी. समितीनं आराखड्याची दोन भागांत विभागणी करावी: शासनाकडे मागायच्या गोष्टी आणि गावाकडे मागायच्या गोष्टी. पहिल्या यादीसाठी वर्गणी काढली की शासनाला आयती सुटका मिळते.

दुसऱ्या यादीतली एकच वस्तू उचलावी आणि तिचा पुरता खर्च काढावा. समजा, सातवीपर्यंतच्या शाळेला एका वर्गासाठी प्रोजेक्टर हवा आहे. दोन दुकानांतून कोटेशन आणली, यंत्र आणि पडदा मिळून साठ हजार रुपये होतात. बहुतेक समित्या इथंच थांबतात आणि साठ हजारांचं आवाहन छापतात. पण वर्गात खिडकीतून ऊन येतं, तिला जाड पडदे हवेत. वायरिंग जुनं आहे. दुपारी वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवा. रात्री शाळेत कुणी नसतं, म्हणून लोखंडी जाळी आणि कडीकुलूप हवं. याचे तीस हजार धरा. तीन वर्षांची देखभाल आणि वाढीव वीजबिल यांचे वीस हजार धरा. एकूण झाले एक लाख दहा हजार. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय जून २०१५ मध्ये निघाला आणि त्या सुमाराला डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या लहानशा शाळेनं लोकसहभागातून काय करून दाखवता येतं याचा धडा घालून दिला. पण तो गिरवताना अनेक गावांनी यंत्र तेवढं घेतलं. वीजबिल थकून शाळेचा पुरवठा तोडला गेल्याच्या बातम्या आपण नेमानं वाचतो. अशा शाळेतला प्रोजेक्टर कपाटात जातो, आणि वर्गणी देणारा पालक ते कपाट दर पालकसभेला पाहतो. पुढच्या आवाहनाला प्रतिसाद का मिळत नाही याचं उत्तर त्या कपाटात असतं.

मागण्याआधी कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. ती किचकट नाही, पण टाळूही नये. सरकारी शाळेत पहिली ते आठवीच्या मुलाकडून कुठलंही शुल्क घेता येत नाही, त्यामुळं ‘प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाचशे’ अशी वर्गणी लावता येत नाही, मग तिला ऐच्छिक म्हणा की आणखी काही. प्रवेशाशी जोडलेली देणगी तर कायद्याच्या भाषेत कॅपिटेशन फी ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो, आणि महाराष्ट्रात १९८७ पासून याविरुद्ध स्वतंत्र कायदाही आहे. दाखला, निकाल, प्रवेश यांतल्या कशाचाही देणगीशी दुरूनही संबंध दिसता कामा नये. उत्साही पालकांच्या गटानं परस्पर पैसे जमवू नयेत हेही महत्त्वाचं. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घेतात. ते कलम धर्मादाय कारणासाठी पैसा गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या गटांसाठीच आहे, आणि शिक्षण धर्मादाय कारणात मोडतं. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे सरकारी शाळेत व्यवस्थापन समितीच्या संयुक्त खात्यात आणि खासगी शाळेत नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे घेणं. क्यूआर कोड त्याच खात्याचा हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे पुढं पाठवले तरी संशयाला जागा राहते. संस्थेला ८०जी ची मंजुरी असेल तर दात्याला सांगावं, पण दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तिचा उपयोग नाही, हेही त्याच दमात सांगावं. आणि लकी ड्रॉची तिकिटं विकायचा मोह आवरावा. शासनाच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे.

एवढं झाल्यावर कार्यक्रमाचा विचार करावा, आणि तोही हातात कागद-पेन्सिल घेऊन. आनंद मेळाव्याचं उदाहरण घ्या. कूपनं विकून साठ हजार आले तर शाळाभर पेढे वाटले जातात. पण मंडप, खुर्च्या, स्पीकर यांचे अठरा हजार, भेळ-मिसळ-वडापावच्या साहित्याचे बावीस हजार, छपाई आणि बक्षिसांचे तीन हजार वजा करा. उरतात सतरा हजार. तीस पालकांनी सरासरी पंधरा तास दिले असतील तर साडेचारशे तास खपून तासाला अडतीस रुपये मिळाले. साहित्य पालकांनी घरून आणलं तर शिल्लक जास्त दिसते, पण त्या पालकांनी भेळेच्या रूपानं वर्गणीच दिलेली असते आणि कूपन घेऊन पुन्हा एकदा दिलेली असते. तेवढ्या कष्टात अडीचशे घरांकडून शंभर-शंभर रुपये सहज मिळाले असते. मग मेळावा घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा. जे पालक सभेला कधी फिरकत नाहीत ते मेळाव्याला येतात, मुलं हिशेब करायला शिकतात, आजी-आजोबा वर्ग पाहून जातात. पण त्यासाठी तो घेतोय हे स्वतःशी कबूल करावं आणि निधीचा मुख्य भार त्याच्यावर टाकू नये.

नाटकाचं गणित निराळं आहे. मदतीसाठी प्रयोग लावण्याची आपल्याकडची परंपरा मोठी. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेलं बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं ‘संयुक्त मानापमान’ तर दंतकथाच झालं आहे. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या गावमंडळांचे प्रयोग वर्षानुवर्षं होत असत, आणि त्या मंडळांच्या पैशातून गावाकडच्या शाळांना वर्गखोल्या मिळाल्या. पण तिथं काय होत होतं ते नीट पाहिलं पाहिजे. चाकरमानी तिकीट घ्यायचा ते गावासाठी; नाटक त्याला निमित्त होतं. मुंबईतलं मंडळ प्रत्येकाला नावानं ओळखत होतं, गावी गेल्यावर खोली उभी राहिलेली दिसत होती. ओळख आणि फळ या दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या म्हणून तिकिटं खपत. त्या नसताना प्रयोग विकत घेतला की नाट्यगृहाचं भाडं, प्रयोगाचं मानधन आणि उरलेली तिकिटं समितीच्या गळ्यात पडतात. स्मरणिकेचंही तेच. जाहिराती देणारे गावातले किराणा दुकानदार, डॉक्टर, बिल्डर दर गणपतीत, दर जयंतीला, दर संमेलनात तेच असतात. शाळेला त्यांच्याकडे वर्षातून एकदाच जाता येतं; ती संधी कुणी न वाचणाऱ्या शुभेच्छांच्या पानावर घालवायची का, हे ठरवावं.

मागावं कसं याबद्दल आता अनुभवाबरोबर प्रयोगांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली या अर्थशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या संगणकांसाठी देणगीची पत्रं पाठवली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. काही पत्रांत लिहिलं होतं की लागणाऱ्या रकमेतले दहा टक्के आधीच जमले आहेत, काहींत सदुसष्ट टक्के. दुसऱ्या प्रकारच्या पत्रांना जवळपास सहापट रक्कम आली. लोक आधी जमलेल्या पैशाकडे काम तडीस जाणार याची खूण म्हणून पाहतात. आपल्या प्रोजेक्टरला हे लावून बघा. एक लाख दहा हजारांपैकी पंचावन्न हजार माजी विद्यार्थी, दोन-तीन सुस्थितीतले पालक आणि एखादी पतसंस्था यांच्याकडून गाजावाजा न करता आधी पक्के करावेत. मग अडीचशे घरांसमोर उभं राहिलं तर घरटी दीडशे रुपयांत साडेसदतीस हजार होतात आणि मेळाव्याचे सतरा हजार धरून काम जवळजवळ पुरं होतं. अण्णा कर्व्यांच्या बाबतीत छोट्यांच्या पाठोपाठ मोठे आले आणि इथं मोठ्यांच्या पाठोपाठ छोटे येतात, यात विसंगती वाटेल. पण काम होईल अशी खात्री दोन्हीकडे आधी कुणीतरी दिलेली आहे, आणि नव्या समितीला ती चोवीस वर्षांत मिळवायला सवड नसते.

दारात जाऊन मागण्याबद्दल दुसरा एक प्रयोग फार बोलका आहे. स्टेफानो डेलाविन्या, लिस्ट आणि उल्रिके मालमेंडियर यांनी शिकागोच्या उपनगरांत देणगी मागणारे स्वयंसेवक पाठवले. काही घरांच्या दारावर आदल्या दिवशी सूचना लावून ठेवली. सूचना दिसलेल्या घरांत दार उघडण्याचं प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटलं, आणि ‘आम्हाला नको’ अशी खूण करायची सोय दिली तेव्हा देणाऱ्यांचं प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी कमी झालं. थोडक्यात, दारात उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही म्हणून देणारे बरेच असतात. चौथ्या मंडळाची वर्गणी ऐकून आतूनच ‘मालक घरी नाहीत’ असं सांगणाऱ्या घराला हे संशोधन नव्यानं सांगायला नको. कुणी म्हणेल, दडपणानं का होईना, पैसे तर येतात! येतात, पण एकदाच. शाळेचा आणि पालकाचा संबंध दहा वर्षांचा असतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘यांनी पाचशे दिले, यांनी हजार दिले’ अशी चढती यादी टाकणं म्हणजे हेच दडपण रोज सकाळी दाराशी आणून ठेवणं. ज्या घरात या महिन्याची फीच उशिरा गेली आहे, तिथलं मूल ती यादी वाचतं. म्हणून पालकांची नावं छापायची तर रकमेविना, अकारविल्हे छापावीत. संगमरवरी पाटीवर ‘यांच्या स्मरणार्थ रु. ५,००१’ असं कोरून हवं असलेल्या मोठ्या दात्यांना ती पाटी खुशाल द्यावी. त्यांना ती हौसेनं हवी असते आणि तिनं कुणाचा अपमान होत नाही.

मुलांच्या हाती पावतीपुस्तक द्यावं का? बऱ्याच शाळा देतात, शिवाय सर्वांत जास्त गोळा करणाऱ्याला बक्षीसही ठेवतात. ऊरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी इस्रायलमध्ये घरोघर देणगी गोळा करणाऱ्या १८० शाळकरी मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामाचं महत्त्व तेवढं समजावलं, दुसऱ्याला गोळा होईल त्याच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला कबूल केला. मोबदला नसलेल्या गटानं सर्वांत जास्त जमवलं, दहा टक्केवाले त्याच्या खाली आणि एक टक्कावाले तळाला राहिले. किरकोळ आमिष दाखवलं की चांगलं काम मजुरीचं होतं, आणि मजुरी म्हणून ते कमीच पडतं. मुलांना मेळाव्यात स्टॉल चालवू द्यावा, आवाहनाची चित्रं काढू द्यावीत, वर्गात वस्तू आल्यावर आभाराची पत्रं लिहू द्यावीत. अनोळखी दारात एकट्या मुलाला पैसे मागायला पाठवणं मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीनंही नको.

हिशेबाबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते: आम्ही नोकरी-धंदा सांभाळून फुकट राबतो, वर पै-पैचा हिशेब कुणाला द्यायचा? तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिचं उत्तर काम सोपं करण्यात आहे. पावतीपुस्तकांना सलग अनुक्रमांक हवेत, कुणाला कोणतं पुस्तक दिलं त्याची नोंद हवी, स्थळप्रती परत यायला हव्यात, रद्द पावती पुस्तकातच राहायला हवी. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. त्यातून परस्पर खर्च करू नये. एवढं पाळलं तर शेवटचा हिशेब एका पानात मावतो आणि कार्यक्रमानंतर पंधरवड्यात फलकावर लावता येतो. खर्च लपवूही नये. ‘सायन्स’मध्ये २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात व्यवस्थेचा खर्च एका दात्यानं आधीच उचलला आहे असं सांगितल्यावर मिळालेला प्रतिसाद ‘तुमच्या रुपयामागे आम्ही एक रुपया घालू’ या आवाहनापेक्षाही चांगला होता. म्हणजे आपला रुपया मंडपात न जाता वर्गात जावा असं देणाऱ्याला वाटतं. म्हणून मंडपाचे आणि छपाईचे पैसे एखाद्या दुकानदाराकडून वेगळे मागून घ्यावेत आणि पालकांना ते स्पष्ट सांगावं. वस्तुरूपानं काही आलं, पंखा, कपाट, पुस्तकं, तर ते त्याच आठवड्यात शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवावं. नाहीतर दोन मुख्याध्यापक बदलले की ते कुणी दिलं आणि कुठं गेलं हे सांगायला कुणी उरत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप अजून राहिला आहे. सधन गावाची किंवा शहरातल्या बऱ्या वस्तीतली शाळा निधी उभारू शकते. ऊसतोड मजुरांच्या किंवा पाड्यावरच्या शाळेत देणारं आहेच कोण? तिथं वर्षातले सहा महिने निम्मी घरं कुलूपबंद असतात. मग वर्गणीनं शाळाशाळांतली दरी रुंदावते, असं म्हणणाऱ्यांना खोडून काढता येत नाही, कारण ते खरं आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या शाळांत पालकांनी ठरावीक रकमेच्या वर जमवलेल्या पैशातला एक तृतीयांश सामाईक निधीत घालायचा नियम बरीच वर्षं होता. त्या पैशातून गरीब वस्तीतल्या शाळांना मदत जाई. आपल्याकडे केंद्रप्रमुखाच्या हाताखाली आसपासच्या दहाबारा शाळांचं केंद्र असतंच. त्यातल्या चार सधन शाळांनी आपल्या निधीचा दहावा हिस्सा केंद्रातल्या सर्वांत अडचणीतल्या शाळेला द्यायचं ठरवलं तर त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही; समितीचा ठराव पुरतो. यानं दरी बुजणार नाही. शासनाकडे मागायची पहिली यादी दर वर्षी लेखी देऊन, तिची पोहोच घेऊन, ग्रामसभेत वाचून दाखवण्याचं काम त्यामुळं संपत नाही. उलट निधी गोळा करणाऱ्या समितीनं ते जास्त जोरानं करावं, कारण गावानं आपला वाटा उचलल्याची कागदपत्रं तिच्या हातात असतात.

राहता राहिला पुढच्या वर्षीचा प्रश्न. पालक समित्यांचं दुखणं असं की मूल पुढच्या शाळेत गेलं की आई-वडीलही जातात, आणि त्यांच्याबरोबर कुणाकडे कसं मागायचं, कोणत्या दुकानदारानं भाव पाडून दिला, कोणता दाता जूनमध्ये भेटतो आणि मार्चमध्ये भेटत नाही, हे सगळं ज्ञानही जातं. म्हणून एक फाइल हवी. तिच्यात समितीचा ठराव, कोटेशन, हिशेबाचं पान, दात्यांची नावं-पत्ते, पाठवलेल्या आभारपत्रांची प्रत, शासनाला दिलेल्या अर्जांच्या पोहोच, प्रोजेक्टरच्या वॉरंटीचं कार्ड आणि देखभालीसाठी ठेवलेल्या वीस हजारांतले किती उरले याची नोंद असावी. ही फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी आणि जुलैतल्या पहिल्या सभेत जुन्या समितीनं नव्या समितीला ती पान उलटून दाखवावी. जुन्या समितीतले निदान दोघं वर्षभर नव्या समितीत राहतील असं पाहावं. दिवाळीनंतरच्या बैठकीत कुणी निधीचा विषय काढला की मेळावा की नाटक या चर्चेआधी गेल्या वर्षीचं हिशेबाचं पान मोठ्यानं वाचावं, प्रोजेक्टर चालू आहे का ते विचारावं, आणि बंद असेल तर नव्या वर्गणीचा विषय तो दुरुस्त होईपर्यंत पुढं ढकलावा.